पडद्यामागची दांडी

४ फेब्रुवारी

दादा,

अक्षर पाहून घाबरू नकोस. मीच लिहितेय, डाव्या हाताने. उजवा डिसेंबरात गेला. गेला म्हणजे खांद्याला लागून आहे, पण माझं ऐकत नाही. सकाळी शिवणखोलीत चादरीला ठिगळ लावत होते, मशीनचं चाक फिरवायला हात उचलला आणि तो उचललाच गेला नाही. दवाखान्याच्या आवारातच पडले, एवढं नशीब. दहा दिवसांत घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तरुण आहे बिचारा, सांगताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता.

तुला कळवलं नाही, कारण तू लगेच निघाला असतास आणि तुला गाडीत चढवायला दोन माणसं लागतात. फोनवर ओरडून सांगितलं असतं तर साऱ्या आवाराला कळलं असतं, तुला सोडून. तेव्हा पत्रच बरं. तुझ्या कानांची कटकट नाही.

जुन्या कर्मचाऱ्यांच्या निवासातली माझी खोली तुला माहीत आहे. एक मावशी येते, आंघोळ घालते, केस धुते. वयाने माझ्या लेकीसारखी शोभेल, पण दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. ती अंगावर पाणी घालते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नुसतं बसून कुणाचं घ्यायचं मला जमत नाही. म्हणून मी टॉवेलांचा ढीग मांडीवर घेते आणि ती केस धूत असताना डाव्या हाताने घड्या घालत राहते. घड्या वेड्यावाकड्या होतात. ती बिचारी नंतर बाहेर नेऊन परत घालते, मला दिसतं.

तू चाळीस वर्षं ख्रिस्तमंदिराचा पाळक होतास आणि मी तुला एकदाही धर्माचा प्रश्न विचारला नाही. आता विचारते. ज्या माणसाला काहीच करता येत नाही, त्याचं तारण कसं होतं? पन्नास वर्षं मी फाटकं शिवत आले. निवृत्त झाल्यावरही बारा वर्षं फुकट शिवत होते. आता काय दाखवू? उत्तर लवकर दे आणि लांबण लावू नकोस.

तुझी भिंगरी


१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून आधी रागावलो, मग रडलो, मग तुझ्या वहिनीच्या फोटोला वाचून दाखवलं. दोन महिने तू मला कळवलं नाहीस. मी बहिरा झालोय, मेलेलो नाही. पण तुझ्याशी भांडायला कागद पुरायचा नाही, म्हणून प्रश्नाकडे वळतो.

पहिली गोष्ट, तारण ही देवाची देणगी आहे, मजुरी नव्हे. दुसरी, मनुष्य स्वतःच्या बळावर देवापर्यंत पोचूच शकत नाही, तेव्हा तुझा हात चालतो की नाही याने काही फरक पडत नाही. चालत होता तेव्हाही पडत नव्हता. तिसरी, विश्वास हाही आपण कमावलेला नसतो, तोही त्याच्याकडूनच येतो. आपल्याला अशक्य ते त्याला शक्य आहे. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. तेव्हा काळजी सोड आणि प्रार्थना कर.

इकडची बातमी. मंदिरातला जुना ऑर्गन जूनमध्ये काढणार आहेत. वाळवी लागली आहे, आणि वाजवणारं कुणी उरलं नाही. आपली ऑर्गनबाई गेल्यापासून नव्या मुली छोट्या विजेच्या पेटीवरच गीतं वाजवतात. मला काय, दोन्ही सारखंच ऐकू येत नाही. पण लाकूड भंगारात जाणार हे कळल्यावर जेवण गेलं नाही. बाबांनी त्या पडद्यामागे तीस-चाळीस वर्षं काढली.

हाताला तेल लाव. मावशीला माझा सलाम सांग.

तुझा
दादा


२० फेब्रुवारी

दादा,

मी विचारलं घरचं आणि तू वाचून दाखवलंस व्यासपीठावरून. तुझं पत्र मी मावशीला दाखवलं. ती म्हणाली, भाऊ शिकलेले दिसतात. म्हणजे तिलाही काही कळलं नाही.

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे. मध्ये मध्ये थांबते तेव्हा तो ऑर्गनच डोळ्यांसमोर येतो. तुला आठवतं का, आई गेल्यावर आपल्याला रविवारी ठेवायचं कुठे हा प्रश्न होता, म्हणून बाबा आपल्याला पडद्यामागे घेऊन बसायचे. आठवडाभर खिडक्या-दारं करणारा सुतार, रविवारी धुतलेला सदरा घालून ऑर्गनला वारा देणारा भाता ओढायला. तिथला तो वास, जुन्या चामड्याचा आणि मेणाचा. भिंतीतून बाहेर आलेली ती लांब दांडी. बाबा ती खाली दाबायचे, वर सोडायचे आणि आतला भाता म्हाताऱ्या म्हशीसारखा उसासा टाकायचा. पलीकडे ऑर्गनबाई वाजवत असे, मंडळी गात असे. आपल्या बाजूला मात्र फक्त बाबांचा श्वास.

आणि तो शिशाचा गोळा. दोरीला बांधलेला, भात्यात वारा किती आहे ते दाखवणारा. वारा भरला की गोळा खाली यायचा, संपत आला की वर चढायचा. लाकडावर दोन रेघा होत्या, वरच्या रेघेपर्यंत तो चढू द्यायचा नाही. मला वाटायचं, गोळा रेघेला लागला की छत कोसळेल. तू पाठांतर करत बसायचास आणि मी गोळ्यावर नजर ठेवून "चढला, चढला" म्हणायची. बाबांचे डोळे पण त्या गोळ्यावरच. एकदा मी विचारलं, बाबा, तुम्ही गात का नाही? ते म्हणाले, "मी गायला लागलो तर बाकीच्यांचं गाणं थांबेल." केवढ्या अभिमानाने म्हणाले. घरी येताना मी सगळ्यांना सांगत सुटले की गाणं आमचे बाबा करतात.

त्यांची ती चपटी पेन्सिल आठवते? कानामागे असायची. कागद म्हणून त्यांना कधी लागला नाही, जे काय लिहायचं ते लाकडावर. आपली उंची दाराच्या चौकटीवर, आईच्या तापाचे आकडे कपाटाच्या दाराच्या आतून. ते घर विकलं तेव्हा मला त्या कपाटाचं दार हवं होतं. मागायचा धीर झाला नाही.

आता मुद्द्याचं. तू म्हणतोस देवाला सगळं शक्य आहे. मग मला सांग, माणसाच्या तोंडून गेलेला शब्द त्याला परत घेता येतो का? तीस वर्षांपूर्वी गेलेला. ज्याला बोलले तो माणूसही आता नाही. मी एक वाईट गोष्ट केली आहे, दादा. त्या दिवसापासून मी एक रविवार सुट्टी घेतली नाही. चादरी शिवल्या, सर्जनचे झगे शिवले, बेवारशी प्रेतांना गुंडाळायची कापडंसुद्धा काठ दुमडून शिवली. वाटलं होतं, शिवता शिवता कधीतरी पुरे होईल. आता हात गेला आणि पुरे झालेलं नाही.

काय केलं ते विचारू नकोस. एवढंच सांग, परत घेता येतो का.

भिंगरी


१ मार्च

प्रिय भिंगरी,

विचारू नकोस म्हणतेस, पण मला कळलं. तू त्या दवाखान्याच्या शिंप्याबद्दल लिहिते आहेस. मला ठाऊक होतं गं. तो तुला मागणी घालायला आला होता, तू त्याला काहीतरी लागेल असं बोललीस आणि पुढे तो आजारी पडून गेला. अगं, तो फुप्फुसाच्या दुखण्याने गेला, तुझ्या नकाराने नव्हे. हे ओझं तू तीस वर्षं वाहिलंस याचं मला फार वाईट वाटलं. टाकून दे.

तू पडद्यामागचं लिहिलंस आणि मी दोन दिवस त्यातच होतो. आणि मग वाटलं, तू एवढं मन मोकळं केलंस तर मीही करावं. मरायच्या आधी कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले.

मी मंदिराचा पाळक होऊन गावी परत आलो तेव्हा बाबा अडुसष्टचे होते. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन कडवी झाली की धाप. समितीने ठरवलं की भात्याला विजेचा पंखा लावायचा आणि मिस्त्रींना, म्हणजे बाबांना, आराम द्यायचा. त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, मुलगा म्हणून आणि पाळक म्हणून. मी गेलो. बाबा पडद्यामागे दांडीला वंगण घालत होते. मला म्हणाले, "थोरल्या, अजून दहा वर्षं मी ही मंडळी गाती ठेवतो." मी तसाच परत फिरलो.

मग ऑर्गनचे सूर लावणाऱ्या कारागिराशी बोललो. त्याने पंखा मागच्या पडवीत बसवला, भोवती गोधड्या गुंडाळल्या आणि भिंतीतून नळी आत घेतली. दांडी भिंतीच्या आतून करवतीने कापली. बाबांच्या हाताला ओझं लागावं म्हणून टोकाला एक स्प्रिंग बसवली. शिशाचा गोळा आता हलणार नव्हता, पण तो त्यांना दिसतच नव्हता. आम्हा तिघांशिवाय, म्हणजे मी, कारागीर आणि ऑर्गनबाई, कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुलाही नाही, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही.

जवळजवळ नऊ वर्षं बाबांनी कापलेली दांडी ओढली. शेवटच्या रविवारीसुद्धा. पडद्याबाहेर मी उभा राहून लोकांना सांगत होतो की तुमच्या कष्टांवर काही अवलंबून नाही, सगळं देव करतो. आणि पडद्याच्या आत माझ्याच बापाला तेवढं एक वाक्य सांगायची माझी छाती झाली नाही. आता वाटतं, मला स्वतःलाच ते फारसं पटलेलं नव्हतं. पटलं असतं तर ती वाईट बातमी आहे असं मला का वाटावं?

एकच समाधान, त्यांना कधी कळलं नाही. शेवटी शेवटी तर ते आत बसून गुणगुणायचे. त्यांना वाटलं आपण उपयोगाचे आहोत, आणि तसंच वाटत ते गेले. तेवढं एक मी नीट केलं.

तुझा
दादा


९ मार्च

दादा,

शिंप्याचं नाव काढून तू मला हसवलंस, नाहीतर हे पत्र लिहिता आलं नसतं. त्याला मी काही लागेल असं बोलले नव्हते. नको म्हटलं, तो बरं म्हणाला, आणि आम्ही पुढे सात वर्षं एकाच टेबलावर कापड बेतलं.

दांडीचं मला माहीत होतं. ऑर्गनबाईने सांगितलं होतं, कापल्यावर वर्षाच्या आत. मी मूग गिळून बसले. पोटात राहत नाही म्हणतोस, सात वर्षं राहिलं. आणि मग नाही राहिलं.

बाबा गेले त्याच्या आधीच्या वर्षी मी त्यांना न्यायला आले होते, आठवतं? इथल्या डॉक्टरांना सांगून मोतीबिंदू काढायचं ठरवून आले होते. खोली झाडून ठेवली होती, खिडकीजवळ खाट लावली होती. तू त्या आठवड्यात समितीच्या कामाला बाहेरगावी होतास. बाबा येईनात. मी समजावलं, रडले, आईची शपथ घातली. ते एकच म्हणत राहिले, "मी गेलो तर इथे वारा कोण देईल?" तीनदा, चारदा. स्वयंपाकघरात उभे होते, भिंतीला हात लावून, कारण भिंत दिसत नव्हती. आणि मी म्हटलं, "बाबा, तुमच्या हातात काही नाहीये. ती दांडी दादाने आठ वर्षांपूर्वीच कापली. तुम्ही रिकामं लाकूड ओढताय आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे."

शब्द न शब्द आठवतो. शिवताना रोज आठवला.

त्यांनी चेहरा जरा माझ्याकडे वळवला, जसा आवाजाच्या दिशेने वळवायचे. मग म्हणाले, "बरं." आणि आत जाऊन आडवे झाले. सकाळी ते उठायच्या आत मी पहिल्या गाडीने निघाले. माफी मागायची होती, पण डोळे मिटून पडलेल्या माणसाला काय सांगणार असं मनाशी म्हणत निघाले. खरं म्हणजे त्यांचं तोंड बघायची लाज वाटली. सात महिन्यांनी तुझी तार आली.

आता तू लिहितोस की त्यांना कधी कळलं नाही आणि तेवढं एक तू नीट केलंस. तेही मी मोडलं, दादा. ते शेवटपर्यंत जात राहिले हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला वाटत होतं, त्यानंतर ते घरीच बसले असतील. आता दिसतं की तुला वाईट वाटू नये म्हणून ते दर रविवारी पडद्यामागे ते रिकामं लाकूड ओढत राहिले. हे तर आणखी वाईट.

तेव्हा आता मला विचारू दे. परत घेता येतो का?

भिंगरी


२ एप्रिल

दादा,

तीन आठवडे झाले. पोस्टमन आवाराच्या फाटकातून आत येताना दिसतो आणि माझा जीव वर-खाली होतो.

तू रागावला असशील तर तसं लिही. शिव्या घाल, पाळकाला येत असतील तेवढ्या. पण लिही. परवा मला बोलताना शब्द सापडेना, चमच्याला काय म्हणतात ते आठवेना. मावशी म्हणाली वयाने होतं. मला तसं वाटत नाही.

भिंगरी


१९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पहिल्यांदा खरं तेच सांगतो. तुझं पत्र वाचून मी नऊ दिवस तुझ्यावर चिडून होतो. कधी नव्हे एवढा. जेवताना चिडायचो, प्रार्थना करताना तर जास्तच. तुला क्षमा केली असं मोठ्याने म्हणून पाहिलं, मला ऐकू आलं नाही, आणि देवालाही आलं नसावं. क्षमा हीसुद्धा माझ्या हातची नाही हे सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं. चाळीस वर्षं लोकांना घाऊक वाटत होतो.

दहाव्या दिवशी उठलो आणि मंदिरात गेलो. का गेलो ते विचारू नकोस. बाबांनी ते शेवटचे सात महिने कसे काढले असतील ते तिथे बसून बघावं, असं काहीतरी मनात होतं. तुझ्यावरचा राग पक्का करायचा होता म्हण ना. राखणदाराने पडद्यामागचं दार उघडून दिलं. बाबांच्या स्टुलावर बसलो. दांडी तशीच आहे. दाबली तर स्प्रिंग अजून करकरते, म्हणजे हाताला तसं जाणवतं.

आणि मग डाव्या बाजूला फळीवर हात टेकला तर बोटाखाली काहीतरी खरवडल्यासारखं लागलं. राखणदाराकडून दिवा मागून घेतला. भिंगरी, सगळ्या फळ्या लिहिलेल्या आहेत. जमिनीपासून खांद्यापर्यंत. त्यांच्या चपट्या पेन्सिलीने, आधी बारीक नीटस अक्षर, तारीख आणि गीतांचे आकडे, तीस वर्षांचे. तुझे आणि माझे दात पडल्याच्या तारखासुद्धा आहेत. मग पुढे अक्षर मोठं होत जातं, वाकडं, एकावर एक चढलेलं. डोळे गेल्यानंतरचं. सगळं लावून वाचायला मला तीन आठवडे लागले, म्हणून पत्र लांबलं.

पंखा लावला त्यानंतरच्या पहिल्या रविवारी हे लिहिलं आहे. जसंच्या तसं उतरवतो:

"दांडी कापली आहे. आत स्प्रिंग घातली, तीही तिरकी. कारागीर कच्चा. गोळा हाताने चाचपला, जागचा हलत नाही, भरल्याच्या रेघेवर स्वस्थ आहे. वारा आपोआप येतो. थोरल्याला सांगायचं नाही. त्याला वाईट वाटेल."

पहिल्याच रविवारी. मी अर्धा तास तिथे बसून होतो, आणि राखणदार विचारायला आला की पाणी आणू का. आयुष्यभर लाकडात हात घातलेल्या माणसाला आपण स्प्रिंगने फसवू, असं मला वाटलं होतं. नऊ वर्षं मी त्यांना सांभाळत होतो, आणि ते मला.

त्याच्या पुढच्या आठवड्यातलं:

"आज चारही कडवी ऐकली. इतकी वर्षं गोळ्याकडे बघत होतो, गाणं असं असतं हे माहीत नव्हतं. आता यायचं का? यायचं. जागा चांगली आहे. हात हलवतो, गाणं चालू असताना माणूस पाय हलवतो तसा."

बघ, ते रिकामं लाकूड ओढतच नव्हते. आणि तुला जे ते म्हणाले, वारा कोण देईल, ते मला वाटतं केवळ तुला टाळायला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला ते घाबरत होते. तेही एका ठिकाणी लिहिलं आहे, "डोळ्यात सुरी नको" असं.

आता तुझं. तारखेवरून सापडलं, तू गेल्यानंतरचा रविवार. ही अक्षरं सगळ्यांत मोठी आहेत, एकेका फळीवर दोनच शब्द मावलेत:

"भिंगरी बोलली. खरं तेच बोलली. मला ठाऊक आहे हे तिला सांगायचं राहिलं. सकाळी उठलो तर गाडी गेलेली. पोर मनाला लावून घेईल. पत्र लिहायला दिसत नाही. थोरल्याकडून लिहून घ्यावं तर त्याला कळेल. कुणीतरी तिला सांगा."

कुणीतरी तिला सांगा, असं एका फळीवर लिहून ते घरी गेले. ती फळी मी राहतो त्या घरापासून चारशे पावलांवर होती. मी रोज तिच्यासमोरून जायचो. तुझ्या एकतीस वर्षांत माझा वाटा आहे, भिंगरी, आणि तो लहान नाही. मी खोटं रचलं नसतं तर त्यांनी मला सांगितलं असतं आणि मी तुला त्याच आठवड्यात लिहिलं असतं. मला क्षमा कर. जमेल तेव्हा. जमत नसेल तर माझ्यासारखी नऊ दिवस थांब, ती येते कुठूनतरी.

तू विचारलंस, बोललेला शब्द देवाला परत घेता येतो का. मला माहीत नाही. हे वाक्य मी व्यासपीठावरून कधी म्हटलं नव्हतं, म्हणून इथे म्हणतो. पण एवढं मला दिसतं की तुझा शब्द बाबांपर्यंत पोचला तेव्हा तो बोचेल अशी जागा तिथे उरलीच नव्हती. आठ वर्षं आधीच कुणीतरी ती रिकामी करून ठेवली होती. ते काही मी केलं नाही. मी तर फक्त करवत आणवली होती.

यातून बोध काढत नाही. तू चिडशील.

मागच्या रविवारी समितीला विनंती करून त्या मुलींपैकी एकीला ऑर्गनवर एक गीत वाजवायला लावलं. मी पडद्यामागे बसलो. ऐकू तर काही येईना, म्हणून फळीला तळवा लावला. सगळं लाकूड थरथरत होतं. दांडी मी धरली नाही, नुसता बसलो. मग कधीतरी पाहिलं तर माझा पाय हलत होता.

दवाखान्याच्या औषधांची गाडी दर गुरुवारी तुमच्याकडे जाते. तिच्या चालकाकडे दोन फळ्या देतो आहे, गोणपाटात गुंडाळून. तुझ्यासाठी करवतीने काढून घेतल्या. या वेळी विचारून.

तुझा
दादा


३० एप्रिल

दादा,

फळ्या आल्या. चालकाने खोलीत आणून ठेवल्या आणि विचारलं, कपाट करताय का? मी हो म्हटलं.

मावशीने गोणपाट सोडलं. खाटेवर माझ्याजवळ ठेवल्या आणि काय असेल ते ओळखून बाहेर गेली. मी आधी वाचलं नाही. डाव्या हाताने चाचपलं. मग माझं तुला लिहिलेलं अर्धवट पत्र बाजूला धरून पाहिलं. अक्षर सारखंच आहे, दादा. तसंच मोठं, तसंच घसरत खाली जाणारं. बाबांना दिसत नव्हतं आणि माझा हात चालत नाही, आणि दोघांचं अक्षर एकाच शाळेतलं दिसतं.

खूप रडले. किती ते सांगत नाही, तू प्रवचनात वापरशील. तू क्षमा मागितलीस ती मी नऊ दिवस न थांबता देते, कारण मला वाट बघायला सवड कमी आहे. आणि खरं सांगू, मला ती शोधावी लागली नाही. पत्र वाचून संपलं तेव्हा ती तिथे होती.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. बाबांना सगळं माहीत होतं तर मी बोलले तेव्हा त्यांनी नुसतं "बरं" का म्हणावं? आज सकाळपासून तोच विचार. त्यांचा चेहरा आठवून पाहिला. एकतीस वर्षं मी तो चेहरा मोडलेला म्हणून पाहत आले. आज नीट पाहिला, तर ते काळजीत दिसले. माझ्या. मीच मोडले होते तिथे, आणि ते आवाजाच्या दिशेने बघत होते की पोर कुठे उभी आहे.

शिवणखोलीतल्या मुलींना निरोप धाडलाय की माझ्या वाटणीच्या चादरींचा ढीग आता माझ्यासाठी ठेवू नका, तुम्हीच वाटून घ्या. त्यांनी तो डिसेंबरातच वाटून घेतला होता. मला सांगायला कचरत होत्या.

काल मावशी केस धुवायला आली. तिने नेहमीसारखा टॉवेलांचा ढीग माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, आज नको. ती थबकली, तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये. मी म्हटलं, बरी आहे, तू धू. तिने ढीग खाली ठेवला आणि माझं डोकं मागे धरलं. मी काहीही केलं नाही. दोन्ही हात मांडीवर पडून होते, चालणारा आणि न चालणारा. ती कसलंसं गाणं गुणगुणत होती. इतके महिने ती गुणगुणते हेही मला माहीत नव्हतं, मी घड्या मोजत असायचे.

पाणी छान कोमट होतं, दादा. ती म्हणते, रोज असंच आणते.

तुझी
भिंगरी